तात्यांच्या नोंदीच्या तीन नकला

माझ्या त्या वर्षीच्या वहीत वैशाखातल्या एका पानावर अशी यादी आहे: पहिल्या गाडीने निघणे. कोठीच्या किल्ल्या स्वयंपाकीणबाईंकडे. पाण्याचा फिरकीचा तांब्या. कचेरीत आधी स्टॅम्प व्हेंडर गाठणे. तात्यांच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल, तीन प्रती. भाऊ. धाकटी. मुक्काम नाही.

शेवटची ओळ सोडली तर यादीतलं सगळं पार पडलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे, धाकटीपुढेसुद्धा. त्या खुणा पाहिल्या की अजून राग येतो.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. नगरला सावेडीच्या बाजूला, जिथे अजून बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते, तिथल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मी व्यवस्था पाहत असे. साठ मुली, एक विहीर आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष. यादीशिवाय दिवस ढकलताच आला नसता. धुण्याची यादी, धान्याची यादी, पाणी कुणी किती बादल्या ओढायचं याची यादी, कोणती मुलगी कोणत्या शनिवारी घरी जाणार याची यादी. घरी जाणाऱ्या मुलीला फाटकावर माझ्या सहीची चिठ्ठी दाखवावी लागे. शनिवारी माझ्या दाराशी रांग लागायची, मुलींच्या गाड्या चुकायच्या. म्हणून मी एक सोय केली होती. शुक्रवारीच पंचवीस-तीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून त्या फाटकावरच्या बाईंकडे द्यायच्या; नाव आणि गाव त्यांनी घालायचं. इतक्या वर्षांत त्यातल्या एकाही चिठ्ठीचा कुणी गैरफायदा घेतला नाही. हे मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे.

आम्ही भावंडं तीन. मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी. आई लवकर गेली, त्यामुळे दोघांच्या पाटीवर पहिली अक्षरं मीच काढून दिली होती. मला तात्यांनी सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं, मी लग्न होऊन नगरला आले आणि नोकरीला लागले. भावाने शेत धरलं. धाकटीला जामखेडकडे दिली होती. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली, तेव्हा ती एका सकाळी पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परत आली. तात्यांनी तिला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी तिला विहिरीजवळच्या तुकड्यावर नेलं आणि म्हणाले, "हे तू बघ." तिने सहा वर्षं ते पाहिलं. लसूणघास केला, कांदा केला, बांधाला शेवगा लावला. ती त्या तुकड्याला 'माझं' म्हणत नसे, 'विहिरीजवळचं' म्हणे.

शेवटच्या आजारात तात्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांना दम लागायचा, एकेक शब्द मोजून टाकत. "विहिरीजवळचं धाकटीच्या नावावर कर. तुझा भाऊ इसरंल. तू वह्या ठेवतीस."

मी वहीत लिहून घेतलं. पौषात तात्या गेले.

तेराव्याला पाहुणे उठल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो. मी वही काढली आणि पुढची कामं वाचून दाखवली. एक, कोतवालाच्या बुकात मृत्यूची नोंद झाली का ते पाहणे. दोन, तालुक्याच्या कचेरीतून त्या नोंदीची नक्कल काढणे. तीन, ती तलाठ्याला देऊन वारस म्हणून तिघांची नावं लावून घेणे. चार, मग आपसांत वाटणी: विहिरीजवळचं धाकटीला, बाकी सगळं भावाला. माझ्या वाट्याचं मी भावाला सोडणार होते. ते मी तिथेच बोलले. मला नगरला काही कमी नव्हतं.

भाऊ मान हलवत होता. "अक्का, सगळं करतो. पन अर्जाला तिघांच्या सह्या लागतील. तुला दर टायमाला कुठं बोलवायचं?"

हे माझ्याही मनात आलं होतं. मी वहीच्या मागून तीन कोरे फूलस्केप कागद काढले. वर मजकुराला भरपूर जागा सोडून, खाली उजव्या बाजूला तिन्हींवर सही केली. शाई वाळू दिली. मग कागद धाकटीपुढे सरकवले.

"हे कशाला अक्का? वर काहीच न्हाई," ती म्हणाली.

"अर्ज तो लिहील. तुझी खेप वाचते. कर सही, मी आहे ना."

तिने खाली वाकून, जीभ दातांत धरून, मी शिकवलेल्या वळणाची सही तीनदा केली. मी वहीत लिहिलं: सह्या, तीन कागद, भावाकडे. आणि नगरची गाडी धरली.

माघ गेला, फाल्गुन गेला. मी पत्र टाकायची, भावाचं कार्ड यायचं. कचेरीतले कारकून दुष्काळी कामांवर पाठवले आहेत, दप्तर बंद असतं, नक्कल मिळत नाही, तू काळजी करू नकोस. चैत्रातल्या कार्डातही तेच. धाकटीला मी वेगळी दोन पत्रं टाकली होती, तिचं उत्तर नव्हतं. एरवी ती दोन ओळी का होईना लिहायची. मी वहीत नोंद केली: धाकटीचे उत्तर नाही, आठवण करणे. कामांची घाई असेल, खडी फोडायला जाते आहे असं ऐकलं होतं. पुढे काही डोक्यात आलं नाही.

वैशाखात वसतिगृह रिकामं झालं आणि मी यादी करून निघाले.

तालुक्याच्या कचेरीत सगळं सुरळीत चाललेलं पाहून मला पहिल्यांदा भावाचीच कीव आली. बिचाऱ्याला कुणी दाद दिली नसेल, नीट विचारता आलं नसेल. मी व्हरांड्यातल्या स्टॅम्प व्हेंडरकडून तिकिटं घेतली, अर्ज लिहून आणलेलाच होता, तो नकलांच्या टेबलावर ठेवला. तिथले कारकून पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"मयत कोण?"

"वडील."

त्यांनी गाव विचारलं, महिना विचारला, मग आत न जाता टेबलावरचीच एक जाड वही ओढली आणि बोट फिरवत थांबले.

"ही नक्कल गेली की बाई."

"गेली म्हणजे?"

"दिली. माघातच दिलीय. मुलानं नेली. ही बघा सही."

मी पाहिली. भावाची सही. शेवटच्या अक्षराला तो खाली एक वेलांटी काढतो, ती त्याला लहानपणी मी मोडायला सांगितली होती आणि त्याने मोडली नव्हती.

कारकून चष्म्यावरून बघत होते. "आता आणखी तीन कशाला? नातवंडांचीबी वारस नोंद लावताय का काय?"

मी हसले असेन बहुधा. मनात कारणांची यादी चालू होती. हरवली असेल. भिजली असेल. दुसऱ्याच कुणाची नक्कल दिली असेल आणि त्याला लाज वाटली असेल. चौथं कारण सुचेना.

"काढा तीनही," मी म्हटलं.

त्यांनी आतून रुमालात बांधलेलं दप्तर आणवलं. उतारा झाल्यावर रुजवात सुरू झाली. म्हणजे पलीकडच्या टेबलावरच्या तरुण कारकुनाने मूळ बुकातून मोठ्याने वाचायचं आणि यांनी नकलेवर बोट ठेवत 'हं' म्हणायचं. बाजार मांडल्यासारख्या त्या खोलीत तात्यांचं नाव, बापाचं नाव, जात, धंदा शेती, वय अंदाजे सत्तर असं एकेक मोठ्याने निघत होतं आणि मागून 'हं' येत होतं. मृत्यूचं कारण, ताप. हं. खबर देणार, मुलगा. हं.

"ताप नव्हता," मी म्हटलं. "त्यांना दमा होता."

तरुण कारकुनाने पान माझ्याकडे वळवलं. "बाई, या पानावर सगळेच तापानं गेल्यात. हा बघा, हा विहिरीत पडून मेला. तोबी तापानंच. कोतवालाला तेवढाच एक रोग लिवता येतो."

"आम्ही बुकात हाय तेच उतरवणार," चष्मेवाले कारकून म्हणाले. "दुरुस्तीचा अर्ज वेगळा." आणि तिन्हींवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला.

मी वहीत दुरुस्तीच्या अर्जाची नोंद केली. नकला पिशवीत ठेवल्या. मग उगीच विचारल्यासारखं विचारलं, आमच्या गावचे तलाठी कुठे भेटतील.

"इथंच. मागच्या खोलीत. मस्टरं तपासायला सगळ्या तलाठ्यांना बोलावलंय."

तलाठी नवा होता, पंचविशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. खडीच्या कामावरच्या हजेऱ्यांचे गठ्ठे त्याच्याभोवती पडले होते. मी कोण ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

"या, बसा. तुमचं काम तर झालंय बाई. फेरफार धरलाय मी. तुमचा जबाब एकदम व्यवस्थित होता."

"माझा जबाब?"

"तुमचा अन् धाकट्या ताईंचा."

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

त्याने कागद माझ्या हातात द्यायला पुढे केला. मी घेतला नाही. का ते आजही सांगता येत नाही, पण मला तो ऐकायचा होता. मग त्याने मघाच्या कारकुनाच्याच एकसुरी आवाजात वाचला. "कारणे जबाब लिहून देतो की, आम्ही दोघी बहिणी आपापल्या सासरी सुखाने नांदत असून वडिलांच्या जमिनीत आम्हांस हिस्सा नको. सदर जमीन भावाच्या एकट्याच्या नावे लावण्यास आमची हरकत नाही. हा जबाब राजीखुशीने, वाचून, समजून लिहून दिला असे." खाली दोन सह्या आहेत, असंही तो म्हणाला.

मग मी कागद घेतला. अक्षर भावाचं होतं. ओळी सरळ, कागदाच्या डाव्या बाजूला समास सोडलेला. समास सोडायलाही मीच शिकवलं होतं. मजकूर माझ्या सहीच्या वर बोटभर अंतर राखून संपत होता. मी सोडलेली जागा त्याला अगदी पुरली होती.

"आम्ही तुमच्यासमोर आलो नव्हतो," मी म्हटलं. "नोटीसही मला मिळाली नाही."

तो चपापला. "नोटीस तुमच्या बंधूंनीच घेतली, दोघींच्या वतीनं. ते म्हणाले, थोरल्या बहिणीनं नगरहून सह्या करून पाठवलंय, त्या शिकलेल्या हायेत, वसतिगृह चालवतात. मी म्हटलं, मग काय प्रश्नच नाही." थोडं थांबून त्याने विचारलं, "का? सही तुमची नाही?"

"सही माझीच आहे."

"मग अवघड हाय बाई." पण तो माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "सर्कलसाहेबांची मंजुरी अजून व्हायचीय. ते तलावाच्या कामावर अडकलेत म्हणून राहिलीय. पुढच्या आठवड्यात बसतील. हरकत घ्यायची तर त्याच्या आत घ्या."

मी त्या जबाबाचाही उतारा मागितला.

खडी वाहणाऱ्या एका ट्रकने मला गावाच्या फाट्यावर सोडलं. भाऊ घरापुढच्या लिंबाखाली बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढत बसला होता. मला पाहून उठला, तोंडभर हसला. ते हसू खरं होतं, याचाच मला पुढे जास्त त्रास झाला.

"अक्का! असं अचानक? कार्ड तरी टाकायचं."

"कार्डं तू टाकलीस की. नक्कल मिळत नाही म्हणून." मी तिन्ही नकला आणि जबाबाचा उतारा त्याच्यापुढे धरला. त्याने हात धोतराला पुसले, पण कागद घेतले नाहीत.

"तूच म्हनालीस, वर लिवून घे."

"अर्ज लिहून घे म्हणाले होते."

"मग लिवलं की."

"धाकटी सुखाने नांदते? कुठे नांदते ती?"

"तसंच लिवत्यात अक्का. नमुनाच हाय तसला." तो पुन्हा खाली बसला आणि बैलाचा पाय हातात घेतला. "तू जरा इचार कर. विहीर एक. ती मधी अन् मी कडंला. उद्या तिचा नवरा उठून आला, म्हनला, माज्या बायकूचं रान हाय, तर? तू नगराहून येनार हाईस का निस्तरायला? मी काय तिला हाकलतोय? नाव कुनाचं का असंना, भाकरी ती तितलीच खाती ना?"

यातलं काही खोटं नव्हतं. नवरा येऊ शकला असता. रान तुकड्यातुकड्यांत गेलंच असतं. मला हे त्याने तेराव्याला ओट्यावर सांगितलं असतं तर मी भांडले असते आणि काही मार्गही काढला असता.

"मग तेव्हा मला का नाही बोललास?"

"तू न्हाई म्हनली असतीस."

एवढंच. त्याने खडा काढून दूर भिरकावला. मी उभीच होते. लहानपणी तो काही लपवायचा तेव्हा कान लाल व्हायचे. मी कानांकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच होते.

"धाकटीला हे कधी सांगणार होतास?"

"तिला ठावं हाय. माघातच सांगितलं." आणि मग तो जे बोलला ते बैलाकडे बघत बोलला. "अक्कानंच असं ठरवलं म्हनून सांगितलं. म्हंजी ती तुझ्याशी भांडनार न्हाई."

मी तिथे पाणीही घेतलं नाही. फिरकीचा तांब्या बरोबर होता.

खडीचं काम गावापासून मैलभर, जुन्या गाडीवाटेला होतं. बायका काटक्यांवर पोती टाकून केलेल्या सावलीत ओळीने बसल्या होत्या. धाकटीच्या बोटांना टायरच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. तिने मला लांबून ओळखलं असणार, पण हातोडी थांबवली नाही.

"आलीस व्हय. बस."

मी तिच्यासमोर मातीतच बसले आणि जे झालं ते क्रमाने सांगितलं. मला सगळं क्रमानेच सांगता येतं. नक्कल माघातच गेली, जबाब मी लिहिला नाही, ठरवलं मी नाही. तिने एक दगड फोडला, दुसरा घेतला.

"सही तुझी न्हाई?"

"सही माझी आहे. कागद कोरा होता."

"कोरा हुता ते मला सांगू नगंस. मी तितंच बसले हुते." हातोडी खाली ठेवून तिने बोटावरची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. "मी इचारलं हुतं तुला. वर काहीच न्हाई म्हनलं हुतं. तू म्हनालीस, कर सही, मी आहे ना."

"मग मला पत्र का नाही टाकलंस? तीन महिने! एका ओळीनं विचारायचं तरी होतं."

"काय इचारायचं?" ती म्हणाली. "म्हनलं, तुझ्या वहीत असंल तसंच."

शेजारची म्हातारी मजुरीण एवढा वेळ ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "बाई, उनात कशाला बसलाय, सावलीला सरका की." मी सरकले. धाकटीने माझ्यासाठी पोत्याचं एक टोक खाली ओढलं. तेवढंच तिने त्या दिवशी माझ्यासाठी केलं.

भावावरचा राग मला झेपत होता. त्या रागाला काम होतं, मुदत होती, अर्ज होता. पण ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, जिची पहिली सही माझ्या हाताखाली उमटली, तिने माझ्याबद्दलची ही गोष्ट ऐकली आणि ती तिला पटली, हे मला कुठे ठेवावं कळेना. तिने भांडायला तरी यायचं होतं. तीन महिने ती दगड फोडत होती, अक्काने आपलं विहिरीजवळचं देऊन टाकलं असं समजून, आणि तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. मी भावाला मनातल्या मनात विश्वासघातकी म्हणत होते, आणि तिच्या हिशेबी तो शब्द तीन महिने माझ्या नावावर होता.

"उद्या माझ्याबरोबर कचेरीत चल," मी म्हटलं.

"उद्याचा खाडा पडंल."

"पडू दे."

तिने पुन्हा हातोडी उचलली. त्या रात्री मी विहिरीजवळच्या तिच्या खोपटात मुक्काम केला, आणि सकाळी ती चांगलं लुगडं नेसून दारात उभी होती.

कचेरीच्या व्हरांड्यात पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून अर्ज लिहिणारे एक गृहस्थ बसत. त्यांनी जबाबाचा उतारा वाचला आणि लगेच तोडगा सांगितला.

"सही बनावट हाय म्हना. एका वाक्यात काम. भाऊ बसंल उत्तर देत."

"सही माझी आहे."

"ते मला कळलं. साहेबाला कळायची गरज न्हाई."

"नाही. लिहा, की सह्या आमच्या आहेत, कागद कोरे होते."

त्यांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुमी शिकलेल्या. साहेब पहिलं हेच इचारनार, कोऱ्यावर सही का केली? काय सांगनार?"

"सवय आहे."

ते मोठ्याने हसले. "सवय म्हनून अर्जात लिवत्यात व्हय?"

मग मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं: मी लिहिती-वाचती असून केवळ खेपा वाचाव्यात म्हणून कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. धाकट्या बहिणीने शंका घेतली असता तिला माझ्या सांगण्यावरून सही करावयास लावले. ती सासरी नांदत नसून गेली सहा वर्षे सदर विहिरीजवळील जमीन स्वतः कसत आहे. वडिलांच्या मृत्यूच्या नोंदीची खरी नक्कल सोबत जोडली आहे. दोन बाजू भरल्या. त्यांनी त्याची दुसरी प्रत केली. सांगताना माझा आवाज नेहमीच्या कामाचाच होता, फक्त 'शंका घेतली असता' इथे मला दोनदा थांबावं लागलं.

मी पहिली सही केली. स्टँडवर नगरची गाडी लागलेली दिसत होती. मी कागद धाकटीकडे सरकवला आणि बोट ठेवलं. "इथे कर. गाडी सुटेल."

"थांब," ती म्हणाली. "आदी वाचू दे."

ती पायरीवर बसली, कागद गुडघ्यावर घेतला आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. तिचं वाचन पहिल्यापासून सावकाश. रबराच्या पट्टीचे काळे डाग बोटावर होते, ते बोट एकेक शब्दाखालून सरकत होतं, ओठ हलत होते. अडलं की ती मान वर करायची आणि अर्ज लिहिणाऱ्यांना विचारायची. मी तिच्या खांद्याशी उभी होते. मला तिने विचारलं नाही.

"हे 'केवळ' म्हंजी?"

"नुसतं. तेवढ्यासाठीच," ते म्हणाले.

"अन् 'माझ्या सांगण्यावरून'. माझ्या म्हंजी हिच्या ना?"

"हिच्या."

"हं," धाकटी म्हणाली आणि बोट पुढे गेलं.

गाडीने दोनदा हॉर्न दिला. माझं लक्ष तिकडे गेलं, तिचं गेलं नाही. ती दुसऱ्या बाजूच्या मधल्या ओळीवर असताना गाडी सुटली. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर मला वाटलं, आता सही करील.

"दुसरा कागद कुठं हाय? त्यो बी तसाच हाय का?"

"तोच मजकूर आहे ताई," अर्ज लिहिणारे म्हणाले.

"असंल. मी बघते."

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि डाव्यावर एक बोट, उजव्यावर एक बोट, असं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मोठ्याने. व्हरांड्यातली दोन-चार माणसं वळून पाहू लागली. कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. शंका घेतली असता. तिला माझ्या सांगण्यावरून. हे सगळं दुसऱ्यांदा, त्या उन्हात, तिच्या अडखळत्या आवाजात मी ऐकलं.

त्या अर्जाने मंजुरी थांबली. प्रकरण तक्रारीत गेलं, भाऊ तीन तारखांना आला आणि चौथ्या वेळी, का ते त्याचं त्यालाच ठाऊक, कबूल झाला. पुढच्या वर्षी विहिरीजवळचं धाकटीच्या नावावर लागलं. तात्यांनी सांगितलेलं काम झालं. भाऊ भाऊबीजेला येत नाही. कार्डही नाही. वसतिगृहात शनिवारी माझ्या दाराशी पुन्हा रांग लागू लागली आणि मुलींच्या गाड्या चुकू लागल्या.

पण मला आठवते ती पायरी. दोन्ही कागद जुळल्याची खात्री झाल्यावर धाकटीने सही केली, तशीच, जीभ दातांत धरून. आत जाऊन आम्ही एक प्रत दिली, दुसरीवर पोच घेतली. बाहेर आल्यावर पोच मी नेहमीप्रमाणे घडी घालून माझ्या पिशवीत टाकली. तात्यांच्या नोंदीची एक नक्कल अर्जाला लागली होती, उरलेल्या दोन पिशवीत होत्याच.

ती पुढे न चालता तिथेच उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"ती पोच दे. अन् तात्यांचा एक कागद. माज्याकडं राहू दे."

मी म्हणणार होते की हरवेल, माझ्याकडे नीट राहील. मी दोन्ही कागद काढून दिले. तिने नक्कल उघडून पाहिली, तात्यांचं नाव जिथे होतं तिथे बोट ठेवलं, मग दोन्ही कागद बारीक घडी करून चोळीत खोचले आणि खडीचा ट्रक कुठून मिळतो ते विचारायला ती त्या अर्ज लिहिणाऱ्यांकडे गेली.